मायनर लीगमधील आउटफिल्डर कसा पारखावा : एका आठवड्याच्या निरीक्षणाची पद्धत

न्यू जर्सीतील ब्रिजवॉटर हे गाव अमेरिकेतल्या मराठी मंडळींना बहुधा तेथील व्यंकटेश्वर मंदिरामुळे ठाऊक असते. त्याच गावात सॉमरसेट पेट्रियट्स या बेसबॉल संघाचे मैदान आहे आणि २०२१ पासून हा संघ न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए दर्जाचा संलग्न संघ म्हणून खेळतो. डबल-ए म्हणजे मेजर लीगच्या, अर्थात सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलच्या, दोन पायऱ्या खाली; या खालच्या सगळ्या पायऱ्यांना मायनर लीग म्हणतात. तिकीट परवडणारे, खुर्ची मैदानाला लागून, आणि समोर असे खेळाडू की ज्यांतले काही दोन-तीन वर्षांनी यांकी स्टेडियममध्ये दिसतील, पण बहुतेक कधीच दिसणार नाहीत. हे दोन गट आधीच ओळखण्याचा प्रयत्न करणे हे स्काउटचे काम आहे. पगारी स्काउट नसलेल्या, परंतु खेळ समजणाऱ्या प्रेक्षकालाही त्यातले बरेचसे साधते. एका आउटफिल्डरला, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाला, आठवडाभर पाहून त्याच्यावर पानभर अहवाल कसा लिहावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी जागा ठरवा, मग बॅट

नवखा निरीक्षक पहिला प्रश्न विचारतो तो हा, की मुलगा किती लांब मारतो. आउटफिल्डरच्या बाबतीत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की मेजर लीगमध्ये हा मुलगा सेंटर फील्डमध्ये, म्हणजे त्या दूरच्या भागाच्या मधोमध, उभा राहू शकेल, की त्याला कडेला, म्हणजे लेफ्ट किंवा राइट फील्डला सरकावे लागेल. या उत्तरावर त्याच्या बॅटकडून किती अपेक्षा ठेवायची हे ठरते, आणि म्हणून बाकी सगळी निरीक्षणे या उत्तराच्या प्रकाशात वाचावी लागतात.

पीट क्रो-आर्मस्ट्राँग हे याचे अलीकडचे उत्तम उदाहरण आहे. न्यूयॉर्क मेट्सने त्याला २०२० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) १९ व्या क्रमांकावर निवडले आणि २०२१ मध्ये हाविएर बाएझच्या बदल्यात तो शिकागो कब्जकडे गेला. २०२३ च्या अखेरीस मेजर लीगमध्ये आल्यावर त्याला १४ प्रयत्नांत एकही हिट (फलंदाजाला बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, पोचवणारा फटका) मिळाली नाही. २०२४ मध्येही त्याची बॅट सरासरीपेक्षा खालीच होती, तरीही कब्जने त्याला खेळवत ठेवले, कारण सेंटर फील्डमध्ये तो दुसऱ्या कोणाच्या हाती न लागणारे चेंडू पकडत होता. बॅट पिकायला जो वेळ लागतो तो त्याला हातमोज्याने मिळवून दिला. २०२५ मध्ये त्याने ३१ होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) मारले आणि ३५ बेस चोरले, म्हणजे पिचर (गोलंदाज) चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला. हाच मुलगा लेफ्ट फील्डर असता, तर एवढा धीर कोणत्याही संघाने धरला नसता.

उलट टोकाला हुआन सोतो आहे. २०१८ मध्ये सिंगल-ए मध्ये हंगाम सुरू करून मे महिन्यात, वयाच्या १९ व्या वर्षी, तो वॉशिंग्टनच्या मुख्य संघात पोचला. तो कधीच सेंटर फील्डचा खेळाडू समजला गेला नाही आणि त्याने फरकही पडला नाही, कारण त्या पहिल्याच हंगामात त्याने ७९ वॉक (चौकटीबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट मिळालेला बेस) आणि २२ होम रन मिळवले. कडेच्या जागेवर अशी बॅट लागते, किंवा निदान तिच्या जवळपास जाणारी.

या दोघांच्या मधे एक मोठा वर्ग आहे, आणि मायनर लीगमध्ये पाहायला मिळणारे बहुसंख्य आउटफिल्डर त्याच वर्गातले असतात : सेंटर फील्डसाठी पाय पुरेसे वेगवान नाहीत आणि कडेसाठी बॅट पुरेशी भारी नाही, म्हणजे ना धड इकडचे ना धड तिकडचे. असे खेळाडू ट्रिपल-ए पर्यंत छान दिसतात आणि पुढे चौथा आउटफिल्डर म्हणून बाकावर बसतात. आपला उमेदवार या वर्गात मोडतो की नाही, हे आठवडाअखेरीस सांगता आले तर निम्मे काम झाले असे समजावे.

घरी करायची तयारी

मायनर लीगचे वेळापत्रक निरीक्षकाच्या सोयीचे आहे. २०२१ च्या फेररचनेनंतर साधारणतः मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने होतात आणि सोमवारी सुट्टी असते. त्यामुळे पाहुण्या संघातील खेळाडूदेखील सलग आठवडाभर पाहता येतो. सहाही दिवस जमणे नोकरदाराला अवघड असते. पण एकाच आठवड्यातले तीन सामने हे तीन वेगवेगळ्या महिन्यांतल्या तीन सामन्यांपेक्षा अधिक शिकवतात, कारण पहिल्या दिवशी बाद करणारी युक्ती चौथ्या दिवशी पुन्हा वापरली गेल्यावर फलंदाज काय करतो हे त्यात दिसते.

जाण्यापूर्वी खेळाडूचे वय आणि त्याचा दर्जा शेजारी-शेजारी लिहावा. सध्या प्रत्येक मेजर लीग संघाचे चार पूर्ण हंगामी संलग्न संघ असतात, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए, म्हणजे एकूण १२० संघ. त्याखाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातील नवशिक्यांच्या लीग. डबल-ए मध्ये २० वर्षांचा मुलगा मध्यम आकडे काढत असेल, तर तो २५ वर्षांच्या चमकदार आकड्यांपेक्षा मोलाचा असू शकतो, कारण पहिला आपल्याहून तीन-चार वर्षे मोठ्या पिचरसमोर टिकतो आहे आणि दुसरा कदाचित लहान मुलांना हरवतो आहे.

आकड्यांतून बॅटिंग सरासरी (प्रयत्नांमागे हिट्सचे प्रमाण) सोडून द्यावी. तिच्यात दैव फार असते. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणे) आणि वॉक यांचे टक्के तेवढे टिपावेत. तेही मैदानाची आणि लीगची जाण ठेवून. अल्बुकर्कीचे मैदान समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांहून उंच असल्याने तेथे चेंडू हवेत तरंगत दूर जातो. फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये मात्र मेजर लीग संघांची वसंत सरावाची मोठी मैदाने आणि दमट हवा फलंदाजाला मारून टाकतात. सॉमरसेटच्याच ईस्टर्न लीगमध्ये पोर्टलंड, मेन येथे बॉस्टनच्या फेनवे पार्कची नक्कल असलेली ३७ फूट उंच भिंत लेफ्ट फील्डला आहे. तेथे खेळणाऱ्या उजव्या हाताच्या फलंदाजाचे डबल्स (दोन बेस मिळवून देणारे फटके) त्याच डोळ्याने मोजावेत. ट्रिपल-ए मधील वॉकबद्दलही सावध राहावे, कारण २०२३ मध्ये तेथे स्ट्राइकचा निर्णय काही सामन्यांत पूर्णपणे आणि काहींत आव्हान दिल्यावर यंत्राकडे गेला, आणि वॉकचे प्रमाण फुगले. बेस चोरण्याच्या आकड्यांचीही तीच गत आहे. पिचरने धावकाला रोखण्यासाठी किती वेळा चेंडू फेकावा यावर मर्यादा आल्यापासून ३० बेस चोरणे ही पूर्वीइतकी मोठी गोष्ट उरलेली नाही.

ट्रिपल-ए आणि फ्लोरिडा स्टेट लीगमधील प्रत्येक चेंडूची मोजमापे, बॅटवरून सुटलेल्या चेंडूच्या वेगासह, आता बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. डबल-ए मध्ये अशी मोजमापे संघांकडे असली तरी जनतेसाठी खुली नाहीत, आणि म्हणूनच तेथे निरीक्षकाच्या डोळ्यांना अजून किंमत आहे.

जागा, साहित्य आणि सराव

सोबत स्टॉपवॉच, नोंदवही आणि पेन्सिल असावी. मोबाइलमधले घड्याळ चालते, पण त्याची काच दाबताना बोट चुकते, म्हणून खटक्याचे घड्याळ बरे. पहिल्या दिवशी होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसावे. तेथून चेंडू आत होता की बाहेर हे कळते. दुसऱ्या दिवशी फलंदाजाची छाती आपल्याकडे येईल अशी बाजू घ्यावी : उजव्या हाताच्या फलंदाजासाठी फर्स्ट बेसची बाजू, डावखुऱ्यासाठी थर्ड बेसची. तिसऱ्या दिवशी सर्वांत वरच्या रांगेत जाऊन बसावे आणि त्या दिवशी मुख्यतः क्षेत्ररक्षण पाहावे.

दरवाजे उघडताच आत जावे, म्हणजे पाहुण्या संघाचा फलंदाजीचा सराव निदान थोडा तरी दिसतो. सरावात प्रशिक्षक हळू आणि सरळ चेंडू टाकतो, त्यामुळे तेथे मारलेले लांब फटके फक्त अंगातला जोर दाखवतात, सामन्यातला नाही. हा भेद नोंदवहीत वेगळ्या रकान्यात ठेवावा. सरावात पाहायचे ते असे, की हा मुलगा विरुद्ध बाजूच्या मैदानातही चेंडू हवेतून दूर नेऊ शकतो का. ओढून मारलेले फटके सर्वांनाच जमतात.

पाय

धाव मोजण्याची रीत सोपी आहे. बॅट चेंडूला लागताच घड्याळ सुरू करायचे आणि पाय फर्स्ट बेसला लागताच थांबवायचे. अंतर ९० फूट. उजव्या हाताच्या फलंदाजासाठी ४.३ सेकंद आणि डावखुऱ्यासाठी ४.२ सेकंद ही सरासरी मानली जाते. डावखुरा बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो, म्हणून हा फरक. त्यानंतर सेकंदाच्या दर एका दशांशामागे स्काउटच्या २० ते ८० गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे १० गुण चढतात किंवा उतरतात. माणसाच्या बोटाची चूक अर्ध्या दशांशाची सहज होते, त्यामुळे एकाच नोंदीवर विसंबू नये.

कोणती धाव मोजायची नाही हेही महत्त्वाचे आहे. बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवताना, फलंदाज आधीच पळत सुटलेला असतो. होम रनच्या आशेने चेंडू पाहत उभा राहिलेला फलंदाज सावकाश निघतो. आणि सोपा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारून निम्म्या वाटेवर रेंगाळणारा मुलगा आपला वेग दाखवत नाही, स्वभाव दाखवतो. तो स्वभावाच्या रकान्यात जावा. खरी धाव शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे) हळू गेलेल्या ग्राउंडरवर मिळते.

आउटफिल्डरसाठी मात्र फर्स्ट बेसचा वेळ पुरेसा नाही, कारण त्याचे काम लांब पल्ल्याच्या धावेचे आहे. फर्स्टवरून थर्डला जाताना सेकंड बेसच्या वळणावर त्याचा वेग किती टिकतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दहा पावलांत तो आणखी वेग घेतो की नाही, हे पाहावे. उंच मुले सुरुवातीला मंद आणि नंतर भरधाव असतात. घड्याळ त्यांच्यावर अन्याय करते.

सेंटर फील्डमधली पहिली दोन पावले

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळायचे आहे. क्रिकेट पाहून तयार झालेली आपली नजर आपोआप चेंडूमागे धावते. ती सवय आठवडाभर मोडावी लागते. पिचर चेंडू सोडण्याच्या क्षणी नजर फलंदाजावर नव्हे, तर आपल्या आउटफिल्डरवर हवी. चेंडू प्लेटपाशी पोचताना तो पायांवर हलकी उडी घेऊन सज्ज होतो का, की हात गुडघ्यांवर ठेवून उभा आहे? बॅटचा आवाज आपल्या कानी येण्याआधी त्याचे पाऊल पडले का? पडले ते योग्य दिशेला पडले का?

मेजर लीगमधील मोजमाप पद्धती आउटफिल्डरच्या चेंडूकडे निघण्याचे तीन भाग करते : पहिल्या दीड सेकंदात किती अंतर कापले, पुढच्या दीड सेकंदात किती, आणि वाट किती सरळ होती. हेच तीन भाग डोळ्यांनीही वेगळे करता येतात. गवतावर कापणीमुळे उमटलेले फिकट-गडद पट्टे हे आपले मोजमाप. चेंडू हवेत असताना त्याने किती पट्टे ओलांडले हे मोजावे आणि घड्याळावर चेंडू हवेत किती वेळ होता हे टिपावे. पाच सेकंद हवेत राहिलेला चेंडू पळत जाऊन पकडणे हे कौशल्य नाही, कर्तव्य आहे. साडेतीन सेकंदांचा चेंडू दूर पळून पकडला, तर ती नोंद अधोरेखित करावी. झेप घेऊन जमिनीवर लोळून घेतलेल्या झेलाला टाळ्या मिळतात, पण पुष्कळदा तो झेल चुकीच्या पहिल्या पावलाची भरपाई असतो. उत्तम सेंटर फील्डर चेंडूखाली आधीच उभा असतो आणि त्यामुळे कंटाळवाणा दिसतो.

सर्वांत अवघड चेंडू दोन. एक डोक्यावरून मागे जाणारा, ज्यात पाठ वळवून, चेंडूवरून नजर काढून, त्याच्या पडण्याच्या जागेकडे पळत जावे लागते. जो मुलगा मागे जाताना सतत मान वळवून पाहतो आणि त्यामुळे वाकड्या वाटेने जातो, त्याला सेंटर फील्ड कठीण जाईल. दुसरा, थेट अंगावर येणारा सपाट फटका. तो पुढे पडणार की डोक्यावरून जाणार हे क्षणभर कोणालाच कळत नाही, आणि त्या क्षणी जागीच थांबण्याचा संयम कोणाकडे आहे ते दिसते.

एक गोष्ट मात्र त्याच्या बुद्धीच्या खात्यात जमा करू नये. प्रत्येक फलंदाजासाठी तो जेथे उभा राहतो ती जागा बहुधा संघाने दिलेल्या कार्डावरून ठरलेली असते. दोन फलंदाजांच्या मधल्या वेळात आउटफिल्डर मागच्या खिशातून किंवा टोपीतून कार्ड काढून पाहताना दिसतात. जागा संघाची, पहिले पाऊल त्याचे.

सेंटर फील्डचे उत्तर किती ठोस परिणाम करते याचा दाखला सॉमरसेटच्याच एका माजी खेळाडूत आहे. हासोन डोमिंगेझ याला यांकीजने २०१९ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, ५१ लाख डॉलर देऊन करारबद्ध केले तेव्हा तो सेंटर फील्डर म्हणून गाजत होता. अंगाने तो लवकर भरला, आणि २०२५ मध्ये मुख्य संघात नियमित खेळू लागला तो लेफ्ट फील्डर म्हणून. यांकी स्टेडियमचे लेफ्ट फील्ड प्रशस्त आहे आणि तेथील त्याच्या क्षेत्ररक्षणावर टीकाही झाली. खेळाडू तोच, हात-पाय तेच. परंतु जागा बदलताच त्याच्या बॅटवरचे ओझे वाढले.

हात

आठवडाभरात खऱ्या अर्थाने जोर लावून केलेल्या फेका दोन-तीनच दिसतात, त्यामुळे सामन्यापूर्वीचा आणि डावांच्या मधला सराव सोडू नये. फेक सुरुवातीपासून पाहावी : चेंडू हातमोज्यातून हातात येऊन सुटायला किती वेळ लागतो, सुटल्यावर तो सपाट जातो की फुग्यासारखा वर चढतो, आणि टप्पा पडल्यावर वेग धरतो की मरतो. नेम चुकला तर कोणत्या बाजूला चुकतो हेही पाहावे. नेहमी एकाच बाजूला वळणारी फेक ही हाताच्या कोनाची खूण असते आणि ती सुधारता येते. थर्ड बेसपर्यंत लांब फेक लागत असल्याने बळकट हात राइट फील्डला जातो, दुबळा लेफ्टला. याहून अधिक वेळ या गुणावर घालवू नये. बॅट, जोर, धाव, क्षेत्ररक्षण आणि हात या पाच गुणांत आउटफिल्डरचे भवितव्य सर्वांत कमी ठरवणारा गुण हाच आहे.

बॅट

फेकण्याची ताकद यंत्राने मोजता येते. २००८ मध्ये भारतातील एका टीव्ही स्पर्धेतून रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे भालाफेकीचे खेळाडू पिट्सबर्ग पायरेट्सपर्यंत पोचले ते पिचर म्हणूनच, कारण वेगमापक यंत्रापुढे कोणालाही उभे करता येते. बॅट मात्र कोणत्याच एका यंत्रात सापडत नाही. ती चेंडूगणिक गोळा करावी लागते.

एका आठवड्यात नियमित खेळाडू साधारण २५ वेळा फलंदाजीला येतो आणि सुमारे १०० चेंडू पाहतो. २५ प्रयत्नांतल्या हिट्स काहीही सांगत नाहीत. १०० चेंडूंवरचे निर्णय पुष्कळ सांगतात. म्हणून नोंद निकालाची नको, चेंडूची हवी : प्रकार, जागा, आणि फलंदाजाने काय केले. मराठीतच आखूड खुणा ठरवून घ्याव्यात : फा म्हणजे फास्टबॉल (वेगवान चेंडू), स्ला म्हणजे स्लायडर (वळणारा चेंडू), चें म्हणजे चेंजअप (फसवा हळू चेंडू). उदाहरणार्थ, फलंदाजीच्या एका खेपेची नोंद अशी दिसेल : «फा उंच आत, सोडला. स्ला बाहेर खाली, चुकला. चें मधोमध, फाउल. स्ला बाहेर खाली, सोडला. फा उंच, चुकला.» धावफलकावर हा नुसता स्ट्राइकआउट आहे. नोंदवहीत मात्र दिसते, की ज्या स्लायडरवर तो एकदा फसला तोच स्लायडर दुसऱ्यांदा, दोन स्ट्राइक असताना, त्याने सोडला. आणि मधोमध आलेला चेंजअप त्याला नीट मारता आला नाही. पहिली गोष्ट जमेची, दुसरी काळजीची, आणि दोन्ही गोष्टी धावफलकाला ठाऊक नाहीत.

आठवडाअखेरीस या नोंदींतून चार गोष्टी काढाव्यात. स्ट्राइकच्या चौकटीतल्या, म्हणजे मारण्याजोग्या टप्प्यातून येणाऱ्या, चेंडूवर बॅट फिरवल्यावर तो किती वेळा चुकतो, ही त्यांत सर्वांत मोठी. चौकटीबाहेरच्या चेंडूमागे जाणे अनुभवाने कमी होऊ शकते, पण चौकटीतला फास्टबॉल वारंवार चुकणारी बॅट वरच्या दर्जात अधिकच उघडी पडते. त्यानंतर तो बाहेरचे किती चेंडू मारायला जातो. चौकटीच्या वरच्या कडेला वेगाने आलेल्या चेंडूचे काय होते. आणि आपल्याच हाताच्या पिचरसमोर, म्हणजे डावखुऱ्यासमोर डावखुरा, तो जागेवर ठाम राहतो की पुढचा खांदा लवकर उघडतो. खालच्या दर्जांत वॉकची संख्या फसवी असते, कारण तेथील पिचरांना नेमच नसतो आणि बॅट खांद्यावर ठेवून उभा राहिलेला मुलगाही संयमी भासतो. संयमी फलंदाज मारण्याजोगा चेंडू सोडत नाही.

स्पेन्सर जोन्सचे उदाहरण येथे मुद्दाम घेण्यासारखे आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठातून आलेला, साडेसहा फूट उंचीचा हा डावखुरा सेंटर फील्डर यांकीजची २०२२ ची पहिल्या फेरीतील निवड. २०२४ चा पूर्ण हंगाम तो सॉमरसेटसाठी खेळला : १७ होम रन, २५ बेस चोरी आणि २०० स्ट्राइकआउट, म्हणजे जवळजवळ ३७ टक्के. पुढच्या वर्षी सॉमरसेट आणि ट्रिपल-ए स्क्रॅन्टन मिळून त्याने ३५ होम रन मारले, तरी स्ट्राइकआउटचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपासच राहिले. उंचीमुळे त्याची तुलना यांकीजच्याच ॲरन जजशी होते, आणि जज पहिल्यांदा मेजर लीगमध्ये आला तेव्हा, २०१६ मध्ये, ८४ प्रयत्नांत ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला होता हेही खरे. दुसऱ्या वर्षी त्याच जजने ५२ होम रन मारले. पण जजने त्या वर्षी १२७ वॉकही मिळवले, आणि डबल-ए व ट्रिपल-ए मध्ये त्याचे स्ट्राइकआउटचे प्रमाण जोन्सपेक्षा बरेच कमी होते. माझ्या मते ही तुलना उंचीपुरतीच ठेवावी. जोन्सच्या बाजूने बोलणारी गोष्ट वेगळी आहे : एवढा उंच असूनही तो सेंटर फील्डमध्ये धावू शकतो, आणि त्यामुळे त्याच्या बॅटला जज होण्याची गरज नाही.

असा उंच फलंदाज पाहताना आतल्या बाजूचा फास्टबॉल पाहावा. लांब हातांना चेंडू अंगाजवळ आल्यावर बॅट वळवायला जागा उरत नाही. त्यावर उपाय म्हणून हे फलंदाज लवकर निर्णय घेऊ लागतात, आणि लवकर निर्णय घेतला की खाली वळणारा स्लायडर त्यांना फसवतो. दोन्ही दोष स्वतंत्र दिसले तरी मूळ एकच असते, आणि अहवालात तसेच लिहावे.

जोराबद्दल थोडेसेच. सामन्यातल्या फटक्यांचा कोन पाहावा. जोरदार पण जमिनीवरून जाणारे फटके मारणारा मुलगा सरावात चेंडू पार्किंगमध्ये टाकत असला, तरी आज त्याच्याकडे होम रनची ताकद आहे असे लिहू नये. उद्या येऊ शकेल, एवढे लिहावे.

शरीर आणि गाव

१९ वर्षांच्या मुलाचे खांदे रुंद असतील आणि कंबर बारीक, तर तो आणखी भरेल आणि जोर वाढेल. पण त्याच भरण्यामुळे सेंटर फील्ड हातचे जाऊ शकते. दोन्ही शक्यता एकाच वाक्यात याव्यात. खेळाडू कोठून आला हेही विचारात घ्यावे. माइक ट्राउट हा दक्षिण न्यू जर्सीतील मिलव्हिलचा; २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी २४ नावे पुकारली गेली, आणि त्यातले २४ वे नाव त्याला पुढच्याच क्रमांकावर निवडणाऱ्या एंजल्स संघानेच घेतले होते. थंड वसंत, थोडे सामने आणि सुमार प्रतिस्पर्धी यांमुळे ईशान्येकडच्या शाळकरी मुलांचा अंदाज येणे कठीण असते. मायनर लीगमध्ये पोचल्यावर ती अडचण झपाट्याने संपते. २०१० मध्ये सीडर रॅपिड्स या मायनर लीग संघासाठी ट्राउटने ०.३६२ च्या सरासरीने मारले, आणि तेव्हाही तो अवघा १८ वर्षांचा होता.

अहवाल लिहिताना

स्काउट मंडळी २० ते ८० अशी मोजपट्टी वापरतात. तिचे श्रेय बहुधा ब्रँच रिकी या जुन्या काळातल्या बेसबॉल संघ-व्यवस्थापकांना दिले जाते. ५० म्हणजे मेजर लीगमधली सरासरी, मायनर लीगमधली नव्हे, ही गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात. प्रत्येक गुणाला दोन आकडे द्यावेत, आजचा आणि पुढचा : बॅट ३०/४५, जोर ४५/५५, धाव ६०/५५, क्षेत्ररक्षण ५०/५५, हात ५०/५०. येथे धाव उतरती लिहिली आहे, कारण अंग भरले की पाय जड होतात. सर्व आकडे ५० आणि ५५ आले असतील, तर निरीक्षकाने निर्णय टाळला आहे असे समजावे आणि अहवाल पुन्हा लिहावा.

शेवटी एकच एकत्रित आकडा आणि त्याचा अर्थ साध्या शब्दांत द्यावा. ५० म्हणजे रोज खेळणारा, ४५ म्हणजे बरेच दिवस खेळणारा किंवा ठरावीक हाताच्या पिचरसमोरच उतरणारा, ४० म्हणजे बाकावरचा चौथा आउटफिल्डर, ६० म्हणजे ऑल-स्टारच्या चर्चेतला. त्यापुढे जोखीम लिहावी आणि ती कोणत्या गोष्टीत आहे ते नेमके सांगावे. «जोखीम जास्त» हे पुरेसे नाही. «चौकटीतले उंच फास्टबॉल चुकतात, आणि हे ट्रिपल-ए मध्ये सुधारले नाही तर सेंटर फील्डमुळे मिळणारी जागा बाकावरची असेल» असे लिहिले, तर पुढच्या वर्षी ते तपासता येते.

पानाच्या कोपऱ्यात तारीख, मैदान, हवा आणि समोरचे पिचर कोण होते हे अवश्य असावे. खेळाडू वरच्या दर्जात गेला की जुने पान काढून फक्त एक आकडा आधी पाहावा : स्ट्राइकआउटचे प्रमाण चढले की उतरले. २०१७ मध्ये रोनाल्ड अकुन्या ज्युनियर एकाच हंगामात हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असा चढत गेला. दर पायरीवर पिचर अधिक कसलेले होते, तरी त्याचे स्ट्राइकआउट सुमारे ३२ टक्क्यांवरून २३ आणि मग २० टक्क्यांपर्यंत उतरले, आणि सरासरी ०.२८७, ०.३२६, ०.३४४ अशी चढली. असा आलेख दिसला की आपल्या पानावरचा बॅटचा पुढचा आकडा खोडून वाढवण्यास हरकत नाही, मग तो आधी कितीही विचारपूर्वक लिहिलेला असो.